कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित व ग्रहणांचें गणित

आमच्या हडपसर स्टेशनावरून दौंडाकडे निघालेली आगगाडी पुढें सोलापूर जिल्ह्यांत शिरते, आणि वाटेंत जेऊर नांवाचें एक लहानसें स्टेशन लागतें. गाडींत बसलेल्या उतारूनें मुद्दाम डोकावून पाहावें असें तेथें कांहीं नाहीं. परंतु १८९८ सालीं जानेवारीच्या २२ व्या तारखेस, म्हणजे शके १८१९ च्या पौष अमावास्येस, मध्याह्नाच्या सुमारास या जेऊरच्या माळावर सुमारें दोन मिनिटें रात्र झाली होती. चंद्राची छाया कोंकणच्या किनाऱ्यावर उतरली, सह्याद्रि ओलांडून आंत शिरली आणि ईशान्येकडे निघून गेली. तिची वाट पाहत जेऊरास पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रो. कावसजी दादाभाई नायगमवाला आपलीं यंत्रें मांडून बसले होते. अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅंबेल हेही तेथेंच उतरले होते. कोंकणांत विजयदुर्गास इंग्लंडचे सर नॉर्मन लॉकियर आले होते. (लॉकियर साहेबांनीं १८६८ च्या ग्रहणाच्या वेळीं विजयदुर्गावरून हेलियम वायूचा शोध लाविला, असें पुष्कळ ठिकाणीं छापलेलें आढळतें. तें बरोबर नाहीं. १८६८ सालीं ते इंग्लंडांतच होते. विजयदुर्गास ते आले ते या १८९८ च्या ग्रहणास.) पुणें शहर छायेच्या पट्ट्याच्या बाहेर राहिलें, तेथें सूर्याचा मोठा भाग झांकला, पण खग्रास झालें नाहीं.

ज्या काळांत परदेशचे विद्वान समुद्र ओलांडून हें ग्रहण पाहावयास आले, त्याच काळांत पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत एक शिक्षक नोकरी करीत होते. ते कोणत्या वेधशाळेचे अधिकारी नव्हते, कॉलेजाचे प्रोफेसर नव्हते, विश्वविद्यालयाचे पदवीधरही नव्हते. तथापि या देशांत ग्रहणांचें गणित केव्हांपासून, कोणीं, कोणत्या रीतीनें केलें, याचा साद्यंत इतिहास मराठींत लिहून त्यांनीं दोनच वर्षांपूर्वीं प्रसिद्ध केला होता. त्यांचें नांव शंकर बाळकृष्ण दीक्षित. त्यांच्याविषयीं येथें चार गोष्टी सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

असें योजण्यास एक निमित्त झालें, तें आधीं सांगतों. २०२२ सालच्या दिवाळींत लक्ष्मीपूजन व पाडवा यांच्यामध्यें एक दिवस रिकामा राहिला होता, हें वाचकांस आठवत असेल. तो दिवस २५ ऑक्टोबरचा. त्या सायंकाळीं खंडग्रास सूर्यग्रहण होतें. सुटी असूनही आमचे कांहीं विद्यार्थी शाळेच्या पटांगणावर जमले. पत्र्यास पाडलेल्या छिद्रांतून भिंतीवर सूर्याचें बिंब पाडलें होतें. पांच वाजण्याच्या सुमारास त्या बिंबाची कड खरोखरच खाल्ल्यासारखी दिसूं लागली, आणि मोक्ष होण्यापूर्वींच सूर्य पश्चिमेकडील उंच इमारतींआड जाऊन अस्तास गेला. अशा ग्रहणास पंचांगांत ग्रस्तास्त म्हणतात. त्या वेळीं मुलांस सर्वांत नवल वाटलें तें ग्रहणाचें नव्हे, तर तें सांगितल्या वेळीं लागलें याचें. एकाची समजूत अशी होती कीं, मोठ्या दुर्बिणींतून पुढचें दिसतें. दुसऱ्यास वाटत होतें कीं, ही विद्या परदेशांतून आयती येते व आपण ती छापतों. या दोन्ही समजुतींस दीक्षितांचें चरित्र हेंच उत्तर आहे, असें आम्हांस तेव्हां वाटलें.

दीक्षितांचा जन्म १८५३ सालच्या जुलै महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली तालुक्यांत मुरूड या समुद्रकांठच्या गांवीं झाला. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बालपणही याच गांवीं गेलें. एका लहानशा गांवानें पांच वर्षांच्या आंतबाहेर अशीं दोन माणसें महाराष्ट्रास द्यावीं, ही गोष्ट सहज म्हणून नमूद करतों. दीक्षितांचें पहिलें शिक्षण गांवच्या मराठी शाळेंत झालें. घरच्या परंपरेप्रमाणें संस्कृताचाही संस्कार झाला. पुढें पुण्यास ट्रेनिंग कॉलेजांत राहून त्यांनीं शिक्षकाचें शिक्षण घेतलें आणि मॅट्रिक्युलेशनची परीक्षा उतरले. त्यापुढें कॉलेजाची पायरी त्यांस चढतां आली नाहीं. नोकरी लागली, आणि रेवदंडा, ठाणें, बार्शी, धुळें व शेवटीं पुणें असा बदल्यांचा क्रम जन्मभर चालला. शाळाखात्यांतील शिक्षकाचें जीवन कसें असतें, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. दिवसा वर्ग, सायंकाळीं तपासावयाच्या वह्या, आणि दर कांहीं वर्षांनीं बिऱ्हाड उचलून नव्या गांवीं जाणें. ग्रंथसंग्रह असा एका जागीं होणें कठीण. जुन्या ज्योतिषग्रंथांच्या हस्तलिखित पोथ्या कोणा जोशांच्या घरीं, कोणा संस्थानच्या संग्रहांत, कोणा शास्त्र्यांच्या माळ्यावर पडलेल्या. त्या मिळवावयाच्या, उतरून घ्यावयाच्या व परत करावयाच्या. हें सर्व त्यांनीं नोकरी सांभाळून केलें.

त्यांच्या लिहिण्याचा आरंभ मुलांसाठीं झाला, हें विशेष आहे. 'विद्यार्थिबुद्धिवर्धिनी' हें त्यांचें पुस्तक १८७६ चें, 'सृष्टचमत्कार' हें १८८२ चें. नंतर 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज' या नांवाचें पुस्तक त्यांनीं लिहिलें. नक्षत्रें, ग्रह, धूमकेतु यांची ओळख साध्या मराठींत करून देणाऱ्या पुस्तकांत या ग्रंथाचा मान पहिला आहे. त्याचें नांवच पाहा. शास्त्र शिकवितों असें न म्हणतां दोन घटका मौज म्हणून त्यांनीं वाचकास अंगणांत बोलाविलें.

परंतु ज्या वादानें त्यांस खोल पाण्यांत ओढलें, तो वाद पंचांगांचा होता. त्या काळीं महाराष्ट्रांतील बहुतेक पंचांगें गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघवा'वरून होत असत. हा ग्रंथ शके १४४२ चा, म्हणजे इ. स. १५२० चा. गणेश दैवज्ञ कोंकणांतील नांदगांवचे. त्यांनीं ज्या व कोटिज्या यांची कटकट काढून टाकून ग्रहगणित इतकें सुलभ केलें कीं, खेड्यांतील जोशीही तें करूं शके. मात्र सूत्र कितीही चांगलें असलें, तरी प्रतिवर्षीं राहणारी अल्प चूक साडेतीनशें वर्षांत सांचत जाते. पुण्याचे प्रो. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं युरोपांतील नव्या मानांवरून 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' हें पुस्तक १८६० सालीं छापलें, व त्यावरून पुढें पटवर्धनी पंचांग निघूं लागलें. जुनें पंचांग एक तिथि सांगे, नवें दुसरी. एकादशी कोणत्या दिवशीं करावी यावर घरांघरांत तंटे होत. त्यांत तिसरा पक्ष उभा राहिला तो सायनवाद्यांचा. वर्षाचा आरंभ व मास हे तारकांवरून न धरितां संपातावरून, म्हणजे दिवसरात्र समान होतात त्या बिंदूवरून, धरावे, नाहीं तर सण हळूहळू ऋतूंपासून सुटत जातील, असें त्यांचें म्हणणें. विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर दीक्षित या पक्षांत होते, आणि या मंडळींनीं सायन पंचांगही काढिलें.

लोकांनीं तें स्वीकारलें नाहीं. आमच्या मतें हा दीक्षितांच्या आयुष्यांतील पराभवच म्हटला पाहिजे. तो लपविण्याचें कारण नाहीं. तथापि पराभव झाल्यावर ते रुसून बसले नाहींत. आपण म्हणतों तें खरें कीं जुने म्हणतात तें खरें, हें ठरविण्यास जुन्यांनीं काय केलें होतें तें मुळापासून पाहिलें पाहिजे, असें त्यांनीं ठरविलें. आणि त्यांतून त्यांचा मोठा ग्रंथ जन्मास आला. (पुढें स्वतंत्र भारतांत डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली जाऊन १९५७ सालीं राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिच्या वर्षाचा आरंभ वसंतसंपाताशीं जोडलेला आहे. म्हणजे सायनवाद्यांचें म्हणणें निदान सरकारी कामकाजापुरतें साठ वर्षांनीं मान्य झालें.)

या वादांत ग्रहणाचें स्थान फार मजेचें आहे. एकादशी आज कीं उद्यां, हें आकाशांत कोणास दिसत नाहीं. ग्रहण मात्र गुराख्यासही दिसतें. पंचांगांत स्पर्श दहा घटकांवर लिहिला असून तो बारा घटकांवर झाला, तर पंचांग चुकलें हें सांगण्यास शास्त्री लागत नाहीं. शिवाय सायन माना किंवा निरयन माना, ग्रहणाची वेळ बदलत नाहीं. कारण तेथें प्रश्न सूर्य, चंद्र व राहु यांच्यामधील अंतराचा असतो, तें अंतर कोठून मोजावयास आरंभ केला याचा नसतो. यासाठीं आमच्या प्राचीन ज्योतिष्यांनीं आपल्या गणिताची परीक्षा नेहमीं ग्रहणांवर घेतली. त्याचा एक ठसा त्यांच्या ग्रंथांत राहून गेला आहे. चंद्राची गति सदा सारखी नसते. मध्यम स्थानापासून तो मागेंपुढें होतो. या अंतरास मंदफल म्हणतात. आधुनिक मानानें तें जास्तींत जास्त ६ अंश १७ कला आहे, परंतु आमच्या सिद्धान्तांत तें सुमारें ५ अंशच दिलेलें असतें. ही चूक दिसते खरी, पण चंद्रास सूर्याच्या आकर्षणामुळें आणखी एक संस्कार लागतो, आणि अमावास्या व पौर्णिमा या दोन वेळीं तो पहिल्यांतून वजा होऊन बाकी बरोबर पांच अंशच उरते. ज्यांनीं चंद्र मुख्यतः ग्रहणाच्या वेळीं मोजला, त्यांस पांच अंशच सांपडणार! मधल्या अष्टमीस मात्र त्यांचा चंद्र चुकतो. आम्ही ही गोष्ट वर्गांत सांगितली, तेव्हां गणिताचा कंटाळा करणाऱ्या मुलांनींही ती पुन्हां विचारून घेतली.

आतां ग्रहण आधीं कसें कळतें, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गास सुमारें पांच अंशांनीं तिरकस आहे. हे दोन मार्ग जेथें एकमेकांस छेदतात त्या दोन पातांस आम्ही राहु व केतु म्हणतों. अमावास्येस सूर्य यांपैकीं एखाद्या पाताच्या जवळ, म्हणजे सुमारें पंधरा ते अठरा अंशांच्या आंत असेल, तरच चंद्र त्याच्या आड येऊं शकतो. एरव्हीं तो वरून किंवा खालून निघून जातो. म्हणून प्रत्येक अमावास्येस ग्रहण नाहीं. राहु हा सूर्यास गिळणारा राक्षस नसून पृथ्वी व चंद्र यांच्या छायांचा हा खेळ आहे, हें आर्यभटांनीं पांचव्या शतकाच्या अखेरीस स्वच्छ सांगितलें होतें. सिद्धान्तकारांची रीति सरळ आहे. इष्ट दिवसापर्यंत किती दिवस गेले तो अहर्गण काढावा. त्यावरून सूर्य, चंद्र व राहु यांचीं स्थानें काढावीं. चंद्राचा शर, म्हणजे सूर्यमार्गापासूनचें त्याचें अंतर, काढावा. तो दोन बिंबांच्या व्यासार्धांच्या बेरजेहून कमी असेल तर ग्रहण आहे. पुढें खरी कसोटी लागते ती लंबन व नति यांची. पाहणारा पृथ्वीच्या मध्यावर नसून पृष्ठावर असतो, त्यामुळें चंद्र त्यास थोडा सरकलेला दिसतो. हडपसरास एका जागीं, काशीस दुसऱ्या जागीं. चंद्रग्रहण सर्वांस एकाच क्षणीं दिसतें, सूर्यग्रहण गांवोगांव निराळें. याचें कारण हेंच.

याहून एक सोपी रीति खाल्डियन लोकांनीं काढिली होती. त्यांनीं शेंकडों वर्षें ग्रहणें टिपून ठेविलीं, आणि त्यांस आढळलें कीं, २२३ चांद्रमास लोटले म्हणजे तसेंच ग्रहण पुन्हां येतें. या कालास 'सारोस' हें नांव हॅलेनें सतराव्या शतकांत दिलें. हिशेब असा: २२३ चांद्रमासांचे दिवस ६५८५.३२ होतात. सूर्य राहूपासून निघून पुन्हां राहूस मिळण्यास ३४६.६२ दिवस लागतात. अशा १९ फेऱ्यांस ६५८५.७८ दिवस. चंद्र आपल्या उच्चापासून निघून पुन्हां उच्चास येण्यास २७.५५ दिवसांहून किंचित अधिक लागतात. अशा २३९ फेऱ्यांस ६५८५.५४ दिवस. तीन निरनिराळीं चाकें फिरत फिरत अर्ध्या दिवसाच्या आंत एकदम जुळतात! म्हणून १८ वर्षें व १० किंवा ११ दिवसांनीं ग्रहण परत येतें, आणि चंद्राचें अंतरही जवळ जवळ तेंच असल्यामुळें खग्रासाचें खग्रास व कंकणाकृतीचें बहुधा कंकणाकृतिच येतें. मात्र दिवसांवर सुमारें आठ तास उरतात. तेवढ्यांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, आणि पुढचें ग्रहण तितकेंच पश्चिमेस सरकतें. तीन चक्रांनीं, म्हणजे ५४ वर्षें व सुमारें ३४ दिवसांनीं, तें पुन्हां पृथ्वीच्या त्याच बाजूस येतें, पण अगदीं त्याच गांवीं नव्हे. कारण चाकें जुळतात तीं तंतोतंत नव्हेत. त्या अल्प फरकामुळें प्रत्येक कुळांतील ग्रहणें एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे सरकत जातात, आणि सुमारें बारा-तेरा शतकांत सत्तरएक ग्रहणें देऊन तें कुल संपतें.

आमच्या सिद्धान्तग्रंथांत या चक्राचा आधार घेतलेला नाहीं. ग्रहलाघवांत ४०१६ दिवसांचें, सुमारें ११ वर्षांचें, एक चक्र आहे. त्याचा याच्याशीं संबंध लावण्याचा मोह होतो, परंतु तें अहर्गण लहान करण्याची युक्ति आहे, ग्रहणांच्या आवृत्तीचें चक्र नव्हे. आमच्या लोकांनीं प्रत्येक ग्रहण मुळापासून गणित करून काढिलें. यांत श्रम अधिक, पण सारोसावरून जें कधीं कळत नाहीं तें, म्हणजे आपल्या गांवीं स्पर्श केव्हां व ग्रास किती, हें यानें कळतें. दोहोंपैकीं श्रेष्ठ कोणती रीति हा वाद आम्हांस निरर्थक वाटतो. पहिलीस दीर्घकाळच्या नोंदी लागतात, दुसरीस भूमितीचें ज्ञान.

दीक्षितांनीं या विद्येचा जो उपयोग केला, त्यानें इतिहासकारांस त्यांचें नांव कळलें. त्या काळीं गुप्त राजांच्या शकाचा आरंभ केव्हां, यावर विद्वानांत मोठा मतभेद होता. अल्‌ बेरुणीनें तो शक शालिवाहन शकाच्या २४१ वर्षांनंतरचा म्हटला होता, परंतु त्यावर सर्वांचा विश्वास नव्हता. डॉ. फ्लीट हे गुप्तांचे शिलालेख संपादीत होते, आणि तिथिवारांचें गणित करण्याचें काम त्यांनीं दीक्षितांकडे सोंपविलें. मध्य प्रदेशांतील एरण येथें बुधगुप्ताच्या वेळचा एक स्तंभ आहे; त्यावर गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असें कोरलेलें आहे. दीक्षितांनीं गणित केलें. गुप्त शकाचा आरंभ इ. स. ३१९-२० मध्यें धरिला तर ती तिथि ४८४ सालच्या जूनच्या २१ व्या तारखेस येते, आणि त्या दिवशीं गुरुवारच येतो. याप्रमाणें एकेक लेख तपासून जो निर्णय झाला तो फ्लीट यांच्या १८८८ च्या ग्रंथांत आला. तेराशें-चौदाशें वर्षांपूर्वींच्या पाथरवटानें कोरलेला वार बरोबर होता कीं नाहीं, हें खेड्यापाड्यांच्या शाळांत शिकविणाऱ्या एका शिक्षकानें पाटीपेन्सिलीच्या हिशेबानें दाखवून दिलें!

ग्रहणांचा उपयोग याहूनही अधिक. पूर्वींचे राजे सूर्यग्रहणाच्या पर्वकाळीं भूमिदान करीत व तसें ताम्रपटावर लिहीत. वार लिहावयाचा राहतो, शक संदिग्ध असतो, पण ग्रहण वाटेल त्या महिन्यांत येत नाहीं. अमुक वर्षीं अमुक मासीं ग्रहण होतें कीं नाहीं, हें गणितानें सांगतां येतें. झालेंच नसेल तर वर्ष वाचण्यांत चूक आहे, किंवा ताम्रपटच बनावट आहे. मात्र येथें जपून पाऊल टाकावें लागतें. त्या प्रदेशांत प्रत्यक्ष न दिसलेलीं, केवळ ज्योतिष्यांच्या गणितांत असलेलीं ग्रहणेंही कांहीं ताम्रपटांत सांपडतात. व्हिएन्ना येथील ओपोल्झर यांनीं इ. स. पूर्वीं सुमारें बाराशें वर्षांपासून इ. स. २१६१ पर्यंतच्या ८००० सूर्यग्रहणांचें व ५२०० चंद्रग्रहणांचें गणित करून तो प्रचंड ग्रंथ तयार केला. तो १८८७ त छापून निघाला. हिंदुस्थानांत दिसणाऱ्या सूर्यग्रहणांचीं कोष्टकें डॉ. श्राम यांनीं तयार केलीं, आणि तीं मद्रास इलाख्यांतील सनदी अधिकारी रॉबर्ट सेवेल व दीक्षित या दोघांनीं मिळून लिहिलेल्या 'इंडियन कॅलेंडर' या इंग्रजी ग्रंथास जोडलेलीं आहेत. हा ग्रंथ १८९६ सालीं निघाला. इ. स. ३०० पासून १९०० पर्यंतची कोणतीही हिंदु तिथि इंग्रजी तारखेंत कशी आणावी, हें त्यानें दाखविलें. ताम्रपट वाचणाऱ्यांच्या मेजावरून तो पुढें कित्येक वर्षें हलला नाहीं.

त्याच १८९६ सालीं 'भारतीय ज्योतिषशास्त्र अथवा भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' हा त्यांचा मुख्य ग्रंथ बाहेर पडला. त्याचें मूळ दक्षिणा प्राइझ कमिटीनें मागविलेल्या निबंधांत आहे. वेदकालापासून थेट आपल्या समकालीन पंचांगकर्त्यांपर्यंत कोण कोठला, त्यानें कोणता ग्रंथ केव्हां लिहिला, त्यांतील वर्षमान काय, ग्रह किती अंशांनीं चुकतात, हें सर्व त्यांत आहे. शतपथ ब्राह्मणांत कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहींत असा उल्लेख आहे. त्यावरून तो काल इसवी सनापूर्वीं सुमारें तीन हजार वर्षांचा असावा, असें त्यांनीं प्रतिपादिलें. हा निर्णय आज सर्वांस मान्य आहे असें नाहीं, त्यावर वाद चालूच आहेत. आम्हांस या ग्रंथांत निर्णयापेक्षां वृत्ति अधिक मोलाची वाटते. आमचें सर्व ज्ञान ग्रीकांकडून आलें असें म्हणणाऱ्या युरोपीय पंडितांस ते पुराव्यानें अडवितात. आणि आमच्या ऋषींस सर्व ठाऊक होतें असें म्हणणाऱ्या स्वकीयांसही त्याच पुराव्यानें अडवितात. ज्याचें गणित चुकलें, त्याचें किती चुकलें तें अंश-कलांत लिहितात, आणि तरीही त्या जुन्या माणसाची थट्टा करीत नाहींत. हा ग्रंथ त्यांनीं मराठींत लिहिला. त्यामुळें बाहेरच्या विद्वानांस तो वाचण्यास अडचण पडली, आणि पुढें त्याचें हिंदींत व इंग्रजींत भाषांतर करावें लागलें. इंग्रजींत लिहिता तर कीर्ति लवकर झाली असती, असें कोणी म्हणेल. परंतु मग पंचांग करणारा कोंकणांतला जोशी तो वाचूं शकला नसता, आणि तंटा तर त्याच्याशींच होता.

१८९८ च्या ज्या ग्रहणापासून आम्हीं आरंभ केला, त्याकडे आतां वळूं. तें पुण्याजवळून गेलें तेव्हां दीक्षित पंचेचाळिसाव्या वर्षांत होते. शहरावर प्लेगाची छाया होती. लोक घरें सोडून बाहेर माळावर राहत होते. ग्रहण होऊन पुरते तीन महिनेही झाले नाहींत तोंच, २० एप्रिल १८९८ रोजीं, दीक्षित वारले. मोठा ग्रंथ छापून दोनच वर्षें झालीं होतीं. 'भारतवर्षीय भूवर्णन' हें प्राचीन भूगोलावरील त्यांचें पुस्तक त्यांच्या पश्चात् प्रसिद्ध झालें. आणखी वीस वर्षें त्यांस मिळतीं तर काय काय झालें असतें, याचा हिशेब करीत बसणें व्यर्थ आहे; पण तो मनांत येतो खरा.

जेऊरच्या ग्रहणाचें कुल मात्र चालूच राहिलें. तेंच ग्रहण १९१६ सालीं ३ फेब्रुवारीस दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागांत दिसलें. १९३४ त पॅसिफिक महासागरावर. १९५२ त सुदान, अरबस्तान व इराण येथें. १९७० त मेक्सिको व अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. १९८८ त सुमात्रा व फिलिपाइन्स बेटांवर. २००६ त लिबिया व तुर्कस्तानांत. आणि २०२४ सालीं ८ एप्रिलला मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत कोट्यवधि लोकांनीं पाहिलें तें हेंच. जेऊरास दोन मिनिटांचें असलेलें हें ग्रहण प्रत्येक फेरीस लांबत चाललें आहे. २१८६ सालच्या १६ जुलैस त्याची खग्रास स्थिति ७ मिनिटें २९ सेकंदांवर जाईल.

२०२२ च्या त्या सायंकाळीं सूर्य इमारतींआड गेल्यावर मुलें घरीं जावयास निघेनात. तेव्हां आम्हीं वर्गाचा दरवाजा उघडून फळ्यावर २२ जुलै २००९ ही तारीख लिहिली. त्या दिवशीं सुरत, भोपाळ, पाटणा या पट्ट्यांत खग्रास ग्रहण झालें होतें, आणि आमच्याकडे सूर्य ग्रासलेलाच उगवला होता. त्यांत १८ वर्षें व ११ दिवस मिळवावयास सांगितलें. २ ऑगस्ट २०२७ असें उत्तर आलें. एका मुलीनें वरचे आठ तास विसरले नाहींत. सकाळचें ग्रहण मग दुपार टळल्यावर येईल, आणि म्हणजे शाळेच्या वेळांतच येईल, असें तिनें स्वतःच सांगितलें. वार काढतां सोमवार आला. खग्रास छाया त्या दिवशीं मिसर व अरबस्तान यांवरून जावयाची, आपणांकडे खंडग्रास, हें आम्हीं पुढें सांगितलें. ऑगस्टांत ढग असतील, अशी शंका मागच्या बाकावरून निघाली, आणि ती रास्त होती. गणितांत ढगांस कोष्टक नाहीं, एवढेंच उत्तर आम्हांस देतां आलें. मुलांनीं तारीख फळ्याच्या कोपऱ्यांत चौकट करून लिहून ठेविली. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली तेव्हांही ती कोणीं पुसलेली नव्हती.